गाडी कुणाला दिली नव्हती

नारायण पेठ, पुणे

प्रिय अल्लाबक्ष,

तुला नमस्कार, सलाम, जे घ्यावंसं वाटेल ते. रक्तदाब कसा आहे? नसीमवहिनी गोळ्या वेळेवर देतात ना? दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माणसाला पत्र लिहायची वेळ आली, कारण तू फोन उचलत नाहीस आणि तुझा इरफान मला दारावरून अत्यंत नम्रपणे परत पाठवतो. (मुलाला वळण चांगलं लावलं आहेस.)

काल इरफानने त्या फौजदारावर केलेल्या तक्रारीचा निकाल लागला. तू आला नाहीस, म्हणून कळवतो. मला साक्षीला उभं केलं होतं. तुझ्या श्यामलावहिनीची दुपारची झोप मोडू नये म्हणून तू माझी स्कूटर सुरू न करता गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेतोस, हे मी दोनदा सांगितलं. (वकिलांनी एकदा पुरे, अशी खूण केली.) पेठेत गाड्या चोरीला जात होत्या, म्हणून तशी गाडी ढकलताना फौजदाराने तुला अडवलं, चौकीत नेलं आणि मला फोन केला, "तुमची गाडी कुणाला दिली आहे का?" मी "नाही" म्हणालो आणि फोन ठेवून दिला. आता तूच सांग, इतक्या वर्षांत तू कधी मागितली नाहीस, मी कधी दिली नाही. तू येतोस, खुंटीवरची किल्ली घेतोस आणि जातोस. यात देण्याचा प्रश्न येतो कुठे?

न्यायाधीशबाई म्हणाल्या, खुद्द मालकच नाही म्हणतो म्हटल्यावर कुठल्याही शहाण्या पोलिसाचा तोच समज झाला असता. प्रामाणिक गैरसमजाबद्दल याला दोषी धरता येणार नाही. पण अटक केल्यावर घरी कळवावं लागतं हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं तो बोलून गेला आणि बाई कडाडल्या. माणूस ओळखण्यात चूक होऊ शकते, कायदा माहीत नसणं पोलिसाला शोभत नाही. त्याबद्दल ठपका बसला. बाहेर येऊन बिचाऱ्याने इरफानची माफी मागितली.

थोडक्यात, फौजदार निम्मा सुटला. मी अजून पुरता आरोपी आहे. फोनचा स्पीकर सुरू होता आणि समोर तू बसला होतास, हे मला काल कोर्टात कळलं. माझं ते "नाही" तू ऐकलंस. फार वाईट वाटलं रे.

तुझाच,
अनंत

ता. क. : श्यामला म्हणते, ती दुपारी कधीच झोपत नव्हती. तू गाडी ढकलताना खिडकीतून बघायची.

आणखी एक : स्कूटर तुझ्या नावावर करायचे कागद तयार आहेत. सही लागेल, तेव्हा यावंच लागेल. त्यानंतर ती मी न विचारता नेणार आहे. फौजदाराचा फोन आला, तर काय म्हणायचं ते तू ठरव.