एकच ब्रह्म, पण मंदा टिटवाळ्याला

अहो ब्रह्मस्वरूप,

तुमच्या गुरुवारच्या वर्गातली माणसं वर्षश्राद्धाला पुस्तिका काढतायत. "आजी, दादांना उद्देशून चार शब्द सांगा," म्हणाले. मला कुठे लिहिता येतं! नात सई लिहून घेतेय. तिला बजावलंय, मी बोलेन तेच लिहायचं, वर साखर पेरायची नाही.

कोपरच्या आपल्या हॉलमध्ये तुम्ही वेदान्त शिकवायचात आणि आत ओट्याशी मी वर्गाचा चहा गाळायचे. हात गाळणीवर, कान बाहेर. ब्रह्म तेवढं खरं. जग भासतं, पण टिकत नाही. आणि जीव म्हणजे ब्रह्मच, दुसरं कोणी नाही. अंधारात दोरी पडलेली असते, आपण साप म्हणून किंचाळतो. दिवा लावला की साप कुठे जातो? कुठेच नाही, तो नव्हताच! तसं हे मी-तू अज्ञानाने दिसतं, ज्ञान झालं की मावळतं. माठातली पोकळी आणि बाहेरची पोकळी एकच, माठ फुटेस्तोवर वेगळी वाटते इतकंच. किती सुरेख सांगायचात हो! मला खरंच पटायचं. तेच तर दुखणं.

मग आपली मंदा कोण होती? तोही माठच ना? जरा वेडावाकडा घडलेला. जन्मापासून बुद्धी लहान पोरीएवढीच राहिली. तिशी उलटली तरी आनंद झाला की ओरडायची. आणि आनंद कशाने व्हायचा? तुमचा आवाज ऐकून! म्हणजे नेमकी गुरुवारी.

"वर्गाला त्रास होतो. टिटवाळ्याच्या संस्थेत ठेवू तिला," म्हणालात.

"सगळं एकच ना? मग तिला बाहेर का काढता?"

तुम्ही चष्मा पुसलात. "अगं, ते पारमार्थिक सत्य. हे व्यावहारिक."

म्हणजे वरच्या मजल्यावर सगळे एक आणि खालच्या मजल्यावर पोटची पोर नकोशी! बरी सोय केलीत. वागायची वेळ आली की जिना उतरून खाली यायचात. मी तिला भेटायला जायचे, तुम्ही एकदाही आला नाहीत. "आत्मा नुसता साक्षी. त्याला कोपर काय नि टिटवाळा काय!" मग तुम्हीच जाऊन राहायचं होतंत की टिटवाळ्याला!

दहाव्याला कल्याणच्या खाडीकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. मेलेल्याची इच्छा अडली की शिवत नाही म्हणतात. तुमची कसली इच्छा? तुम्ही इच्छेच्या पलीकडचे! आपला विनय म्हणाला, "बाबा, वर्ग बंद पडू देणार नाही." कावळा ढिम्म. "फ्लॅट विकणार नाही." ढिम्म. ऊन चढलं तसे भावोजी वैतागले. "वहिनी, मंदाचं काहीतरी बोला. घरी आणते म्हणा. दादाचा जीव तिच्यातच अडकला असेल."

"मेलंय कोण पण?" मी विचारलं. "आत्मा मरत नाही, असं तुमचा दादाच सांगायचा."

मला सुचत नव्हतं होय? अगदी ओठांवर होतं. पण मी बोलले असते आणि खरंच कावळा शिवला असता तर? तुम्हाला आतून तिची ओढ होती, असं ठरलं असतं. मग तुम्हाला माफ करावं लागलं असतं! नाहीच बोलले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. गवताच्या कावळ्यावर गेलात तुम्ही, एवढे मोठे ज्ञानी.

मंदाला परवा घरी आणली. वर्षभर विनयशी भांडून आणली. तुमच्या इच्छेखातर नव्हे, माझ्या.

आल्या आल्या तिला हॉलमधला तुमचा हार घातलेला फोटो दिसला. हसली. ओरडायला तोंड उघडलं आणि झटकन दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. हे कुणी शिकवलं हो तिला? मी आत चहा गाळत होते तेव्हा?

सई थांबलीय. "आजी, हे लिहू?" लिही गं.

तर हे माझं वचन. पुस्तिका वाचतील त्या गुरुवारी मंदा हॉलच्या मधोमध बसेल आणि वाटेल तेवढी ओरडेल. ज्यांना त्रास होईल त्यांनी आपलं पारमार्थिक सत्य घेऊन घरी जावं. तुमचा फोटो मी उतरवलाय, तो पुन्हा लागणार नाही. ती आणि तुम्ही एक नाही. हा भेद मी अज्ञानाने केलेला नाही.

मंदाची आई
(अंगठा)