तोललेला डबा

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

अठ्ठावन्न! मशीनवर अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली गेली की लगेच साखर द्या, एक मिनिट थांबू नका, असं धाराशिवच्या डॉक्टर मॅडमनी बजावलंय. आणि ही पोरगी अठ्ठावन्न घेऊन शाळेतनं चालत आली! दप्तर ओढत. ओठ पांढरे, थंडीच्या दिवसांत कपाळावर घाम. ग्लुकोज पाण्यात कालवून पाजलं आणि तिच्या तोंडाकडं बघत बसले. थोड्या वेळानं "मम्मी, भूक लागली" म्हणाली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

चुकलं कुठं? दिवाळीच्या आधी कळलं, रंजूचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. तेव्हापासनं रोज सकाळी तेच — नाश्ता आणि डबा, दोन्ही ॲपमध्ये टाकायचं, ॲप आकडा देतं, त्या आकड्यावरनं इंजेक्शन. जेवढं खाणार तेवढंच औषध. औषध जास्त झालं तर साखर पडते. साखर पडली तर पोर पडते. आणि पडलेली उठली नाही तर — नाही लिहीत.

नाश्ता माझ्यासमोर केला. डबा मी भरला. म्हणजे ॲपच खोटं बोललं. भाकरीत आहे त्यापेक्षा जास्त धरलं असणार.

२५ नोव्हेंबर

आज एकशे तीस. तीच भाकरी, तेच ॲप! डोकं फिरायची पाळी आली.

२७ नोव्हेंबर

जुनं काढून टाकलं. नवीन घेतलं. त्यानं आधी विचारलं, तुमचं ध्येय काय? वजन कमी करायचं, आहे तेवढंच ठेवायचं, का वाढवायचं? पोरगी जगवायची, असा पर्याय काही दिसला नाही. वय नऊ टाकलं तर आत घेईना. मग माझं वय टाकलं. झालं! रात्री रंजूनं अर्धीच भाकरी खाल्ली, मी 'अजून एक घास' म्हणत मागं लागले, आणि ह्याच्या पडद्यावर फटाके उडाले — शाब्बास, आज तुम्ही ठरल्यापेक्षा कमी खाल्लं! मुडदा बशिवला तुझा.

'ज्वारीची भाकरी' शोधली तर तीन भाकऱ्या आणि तिघींचे आकडे तीन तऱ्हेचे. कुणाची भाकरी ही? आमच्या आत्यांची, म्हणजे सासूबाईंची, भाकरी ताटात मावत नाही. कडक भाकरी तर त्याला ठाऊकच नाही. हुग्गी टाकली, गव्हाची-गुळाची साधी हुग्गी, तर म्हणे असं काही सापडलं नाही, तुम्हाला बर्गर म्हणायचंय का?

हे दुकानातनं आले. खताच्या पोत्यांत दिवस गेलेला, कपड्यांना वास तोच. म्हणाले, "कशाला त्या मोबाईलच्या नादी लागतीस? अंदाजानं दे की."

अंदाजानं! मीठ आहे का ते? मी भांडले. मग जेवलेच नाही.

१ डिसेंबर, सोमवार

चौसष्ट. परत शाळेतनं आल्यावरच. हात धरला तर गार. "काय होतंय गं?" तर म्हणे, "कायच न्हाय." तिला काय होतंय ते ती सांगत नाही आजकाल. माझ्या तोंडाकडं बघते आणि "कायच न्हाय" म्हणते.

दुसरं ॲप पण गेलं. डुबलं.

ह्यांना म्हटलं, निदान वर्गातल्या सरांना सांगून ठेवू या. तर म्हणाले, "आज हितं सास्तुरात सांगितलं की उद्या लोहाऱ्यात म्हाईत हुतंय. पोरीची जात हाय, भुवना. पुढं कोण करून घील तिला?" नऊ वर्षांची पोर! मला पण ती भीती आहेच, खोटं कशाला लिहू. पण चौसष्टची भीती त्याच्यापेक्षा मोठी आहे. ती जेवताना पण असते, देवापुढं पण असते, कुणाशी हसून बोलताना पण असते.

३ डिसेंबर

जाऊबाईच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, काकू, फोटो काढायचा, बास, ॲप सगळं ओळखतं. काढला फोटो. भाकरीला म्हणालं पापड. शेंगाच्या चटणीला म्हणालं मसाला चहाची पूड. दही बरोबर ओळखलं. दह्याचा सत्कार करू का आता?

हसले मी. खरंच हसले, किती दिवसांनी. मग आठवलं की उद्या सकाळी इंजेक्शन किती द्यायचं ते अजून मला माहीत नाही. हसू तिथंच आटलं.

५ डिसेंबर

दुकानातला छोटा इलेक्ट्रिक काटा घरी आणला. ॲप मोजत नसेल तर मीच मोजीन. पिठाचा गोळा काट्यावर ठेवला आणि आत्या चुलीपुढनं उठल्याच.

"लेकराचं अन्न तोलत्यात व्हय गं? कुठं बघितलंस असलं? बेडव्वा, बेडा! नको गं बाई, दृष्ट लागती."

त्यांच्या हिशोबानं कुणी किती भाकऱ्या खाल्ल्या हे मोजणं म्हणजे पाप. आमच्याकडं पाहुण्याची भाकरी सुद्धा मोजत नाहीत, 'अजून घ्या'च म्हणतात. मी म्हटलं, आत्या, न तोलता दिलेलं इंजेक्शन लागलं तर? त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग दुसरा गोळा स्वतःच काट्यावर ठेवला, तोंड तिकडं करून. "सांग किती भरला. मला बघायचं न्हाय."

७ डिसेंबर, रविवार

सापडलं! साधं ॲप, फटाके नाहीत, शाब्बास नाही. आपला पदार्थ आपण घालायचा, आपल्या नावानं. मी लिहिलं — 'आत्यांची भाकरी'. 'आत्यांची कडक भाकरी'. 'रंजूची वाटी, वरण'. दोन दिवस साखर शहाण्यासारखी वागली. एकशे दहा, एकशे पस्तीस. रंजूला दाखवलं, तर तिनं विचारलं, "आता तू रडणार न्हाईस ना?" मी म्हटलं, मी कुठं रडते?

८ डिसेंबर, सोमवार

पंचावन्न.

एवढं तोलून! एवढं तोलून!!

९ डिसेंबर

मॅडमना फोन केला. लई शांत बाई आहेत, त्यामुळं मला अजून भीती वाटते. "डबा पूर्ण खाते का?" म्हणाल्या. म्हटलं, मॅडम, चाटून-पुसून रिकामा येतो. त्यावर म्हणाल्या, "सकाळचं इंजेक्शन थोडं कमी करून बघा, रोज मला कळवा."

१२ डिसेंबर

कमी केलं तर काल दोनशे ऐंशी, आज तीनशेच्या वर. तहान, चिडचिड, तोंडाला वास. मॅडम म्हणाल्या, पहिल्यासारखंच द्या. दिलं तर पडते, नाही दिलं तर चढते. ॲप बरोबर, काटा बरोबर, मशीन बरोबर, मग चुकतंय कोण? मीच ना? आईच्या हातनंच काहीतरी होणार, असं सारखं वाटतंय. सकाळी सुई हातात घेऊन आज मी आकडाच परत परत बघत बसले. तीच म्हणाली, "टोच की गं, दुखत न्हाय."

१६ डिसेंबर

काल लिहिणं झालं नाही. आज दवाखान्यात बसून लिहितेय. रंजूला सलाईन लावलंय. शुद्धीवर आहे. आहे, शुद्धीवर आहे.

काल सोमवारी दुपारी शाळेतनं फोन, पोरगी पडली. चप्पल घातली का नाही तेही आठवत नाही. गेले तर ती वर्गात फरशीवर, हातपाय ताठ, आणि वर्गाचे कृष्णराज सर तिच्या नाकाला कांदा लावून बसलेले! फिट आली म्हणून. त्यांची काय चूक? त्यांना आम्ही सांगितलं कुठं होतं! मी ग्लुकोज बोटानं तिच्या गालाच्या आतनं चोळलं. "सर, तिला साखर आहे, साखर कमी झालीय," असं सगळ्या वर्गासमोर ओरडले. गावाला कळायचं ते कळलं. मला कशाचीच शुद्ध नव्हती, एवढंच दिसत होतं की तिचे डोळे वर गेलेत.

आज दुपारी गावातल्या उमाबाई चहा घेऊन आल्या, सोबत त्यांची लेक महेश्वरी. रंजूच्या बाकावरची मैत्रीण. पोरगी दारातच उभी राहून रडायला लागली. आत येईना.

"काकू, मला मारणार न्हाईत ना? रंजू सोमवारचा डबा मलाच देती. तिचा उपास आसतोय. कुणाला सांगितलं तर मोडतो म्हणली."

सोमवार. मी बोटांवर मोजलं. पंधरा, आठ, एक, चोवीस. चारी सोमवार! आणि मी बसले ॲपला शिव्या घालत. एक काढ, दुसरं घाल, भाकरी तोल. मी तोललेला डबा महेश्वरीच्या पोटात जात होता आणि त्याचं औषध माझ्या पोरीच्या अंगात.

रंजूला विचारलं. तर म्हणाली, "सकाळचं तू समोर बसतीस म्हणून खावंच लागतंय. तेवढं माफ कर म्हणून देवाला सांगितलंय. म्हणून नुसता डब्याचाच उपास धरला. संध्याकाळी आज्जीसंगं सोडते की."

कशासाठी गं? कशासाठी? तर भिंतीकडं तोंड करून पडली.

१७ डिसेंबर

घरी आणलं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी आत्यांवर धावून गेले. काय बोलले ते आठवलं की लाज वाटते. तुम्हीच शिकवलं, तुमच्याच उपासापायी माझी पोर जात होती, असलं काहीतरी. त्यांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "शप्पथ, भुवनेश्वरी. म्या एक शबुद बोलले न्हाय तिला. माझं बघून धरला आसंल लेकरानं."

लग्नाच्या आधीपासनं त्यांचा सोमवार आहे. बाळंतपणात मोडला नाही, मामंजी गेले त्या आठवड्यात मोडला नाही. संध्याकाळी म्हणाल्या, "आता यीत्या सोमवारी तिच्या म्होरं बसून मी पैल्यांदा खाणार. देव काय करायचं ते मला करू दे." आणि पदर तोंडाला लावला.

हे सकाळीच शाळेत जाऊन आले. हेडसरांना, कृष्णराज सरांना, सगळ्यांना सांगितलं. ग्लुकोजचा डबा वर्गातल्या कपाटात ठेवून आले. घरी येऊन पाणी प्याले. 'कोण करून घील' हे काही बोलले नाहीत.

१८ डिसेंबर

उद्या येळवस, शेतातल्या पूजेची अमावस्या. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, ताकाची आंबील, बाजरीचे उंडे, सगळं शेतात, सगळं एका मोठ्या भांड्यात. ॲपमध्ये काय घालू? मॅडम म्हणाल्या, खाऊ द्या, दोन-तीनदा तपासा, तुम्ही पण दोन घास खा. पोरीला बघून लोक कुजबुजणार, ते वेगळंच.

१९ डिसेंबर, येळवस

खाल्लं तिनं. आंबील दोनदा मागून घेतली. साखर बरी राहिली.

शेतातनं परत येताना ती बैलगाडीत माझ्याजवळ बसली होती. सहज विचारावं तसं विचारलं — देवाला काय मागितलं होतंस गं? साखर जाऊ दे म्हणून?

"न्हाय. ती कधीच जात नसती. मॅडमनी सांगितलंय की."

मग?

"मम्मीला भ्या वाटू देऊ नको म्हणून."

मी हसून दाखवलं. ती कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडं बघत होती, खरं हसते का ते.