एक सुई तिची, एक माझी

४ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! आधी तरी कुठे मोती सांडत होते—शाळा चौथीपर्यंत. महिन्यापूर्वी उजवा हात लुळा पडला. मांडीवर ठेवला की वाटतं, दुसऱ्याच कुणाचा. नातीला सातवा महिना, आणि बाळाचा स्वेटर सुयांवर अर्धाच.

७ फेब्रुवारी

थोरल्या जाऊबाई आल्या. एक पिशवी, हजार सूचना. "हात चालायला लागला की मी माझ्या घरी. तोवर तुला बघते." मनात म्हटलं, आजच जा की! चाळीस वर्षं एकमेकींशी धड बोललो नाही. आता कौतुक.

८ फेब्रुवारी

त्यांचा दिवसभर क्रोशा. माझ्या सुयांकडे बघून म्हणाल्या, "दोन काठ्या कशाला? मला एक आकडी पुरते."

"तुमच्या जाळीतून वारा जातो," म्हटलं. "बाळ गारठेल."

मग खुर्ची ओढून माझ्या उजव्या अंगाला बसल्या. "डावी सुई तू धर. उजवी मी. आता सांग."

९ फेब्रुवारी

सुलट, सुलट, उलट. खांद्याला खांदा. तीन ओळी!

१३ फेब्रुवारी

घात! क्रोशाच्या सवयीने बाईंनी दोन-दोन टाके एकदम ओढून घेतले. गप्पांत माझंही लक्ष नव्हतं. साठाचे बावन्न. "पणतू होणारे की बाटली?" म्हटलं. तरातरा निघून गेल्या.

दुपारभर एक सुई घेऊन बसले. एकीने काय करायचं—कान कोरायचा?

चार वाजता आल्या. "उसव." मी ओढत गेले, त्या गुंडाळत गेल्या. मध्येच म्हणाल्या, "माझ्या घरी भांडायलासुद्धा कुणी नाही गं."

मी लोकर ओढत राहिले.

१९ फेब्रुवारी

व्यायाम करून घेणारी पोरगी बजावून गेली—बोट जरा हललं तरी लगेच सांगा, आजी. जाऊबाईंनी पिशवीकडे पाहिलं. मीही.

२५ फेब्रुवारी

स्वेटर झाला! गळ्याला त्यांनी क्रोशाची किनार घातली. झकास दिसते. तोंडावर म्हटलं, "चालेल."

"आता काय?" त्यांनी विचारलं.

"टोपडं. मग मोजे. मग तुमच्यासाठी शाल—मोठी."

२७ फेब्रुवारी

सकाळी उजव्या हाताचं बोट हललं. दोनदा. जाऊबाई समोरच लोकरीचा गुंता सोडवत होत्या. हात पांघरुणाखाली ढकलला.