बाईंची घंटी

प्रिय नोहेमी,

तुझ्या हातचे तमाले खाऊन किती दिवस झाले गं! तू ओमाहाला गेलीस आणि या कत्तलखान्याच्या गावात माझ्याशी भांडायला कोणी उरलं नाही. मांस कापून बोटं आखडतात, तेवढं सोडलं तर बरी आहे.

बातमी अशी, की माझी भाची केइला लग्न करतेय, आणि नवरा कोण, तर मार्गिटबाईंचा मुलगा. हो, त्याच बाई, चर्चच्या तळघरात टेबलावर पितळी घंटी ठेवून आपल्याला इंग्रजी शिकवणाऱ्या. चूक झाली की टण्ण. तू आई गेल्याचं सांगत होतीस, शेवटच्या भेटीलाही गावी जाता आलं नाही म्हणून रडत होतीस, आणि ही बया आपली टण्ण टण्ण. वाक्य शुद्ध होईपर्यंत 'माझी आई मेली' हे तुला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. वर शाबासकी दिली. त्यानंतर तू इंग्रजीचा शब्द तोंडातून काढला नाहीस. डॉक्टरकडेसुद्धा लेकच बोलते तुझ्यासाठी. तो राग मी अजून गिळलेला नाही.

आता वरमाईला लग्नात आपल्या भाषेत भाषण करायचंय. ते शिकवायला मला धरलं. पहिल्याच दिवशी घंटी माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, चुकले की वाजव हं, दयामाया नको, त्याशिवाय माणूस शिकत नाही. मी एकदाही वाजवली नाही. चुकीच्या शब्दांनी सुनेबद्दल त्या जे बोलून जातात ना, ते कसायानेही गाईबद्दल बोलू नये. मी मान डोलावते, वा बाई, फक्कड म्हणते. त्या लाजतात, मला केक खाऊ घालतात. कधीकधी कीव येते. मग तुझा त्या दिवशीचा चेहरा आठवतो आणि मी केकचा आणखी एक तुकडा मागून घेते.

येत्या शनिवारी लग्न आहे. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची धरून ठेवलीय. केइला चिडेल, तिला मी बघून घेईन. सोबतच्या डब्यात घंटी आहे. बाईंना म्हटलं, आता तुम्हाला हिची गरज नाही, तर खूश होऊन देऊन टाकली. त्यांचं भाषण ऐकून सगळे हसतील, तू मात्र हसू नकोस. नुसती वाजव. त्या थांबून तुझ्याकडे बघतील, तेव्हा वाक्य शुद्ध होईपर्यंत पुन्हा म्हणायला लाव. आणि शेवटी शाबासकी द्यायला विसरू नकोस.

वाट बघणारी, तुझीच,
दिल्सिया