दादाच्या साच्यातली चूक

तुळजापूर, मंगळवार, ८ डिसेंबर १९५९

आज आपल्याच हातानं घात केला. जळकोटच्या शेठजींच्या पलंगाचे दोन अठपैलू पाय दादानं केले होते. उरलेले दोन करायच्या आत, दिवाळीच्या तोंडावर, तो गेला. पाय ज्या खाचेत बसवून आम्ही रंधा मारतो, तो लाकडी साचा त्यानंच बनवलेला. त्याची खाच एका अंगाला किंचित तिरकी, म्हणून प्रत्येक पायाची एक बाजू रुंद यायची, अंगठा टेकण्याइतकी. त्यावरून किती चिडवलं मी त्याला! "राहू दे की, कोण मोजायलंय," म्हणायचा.

सकाळी मी शहाण्यानं आधी ती खाच तासून सरळ केली, मग दोन पाय काढले. आठही बाजू सारख्या. चारी पाय शेजारी ठेवले तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. माझे दोन परके दिसत होते. खाचेत चिपा घातल्या, कागद घातला. तो तिरकेपणा काही परत येईना. त्याची इतक्या वर्षांची चूक, अन् मला ती एकदाही करता येऊ नये?

वहिनी चहा घेऊन आल्या. एकेका पायावरून त्यांनी अंगठा फिरवला. रुंद बाजूवर तो थांबला.

"हे ह्यांचे," म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघता, "भावजी, गिऱ्हाईक किती दिस थांबंल? ह्यांचेच तासा."

दादाच्या पायांवर रंधा फिरवायला आज हात धजला नाही. उद्या फिरवावाच लागेल. साचा पुन्हा तपासला. आता तो अगदी बरोबर आहे.