एका बुडाचे सात कोंब

परतवाडा,
माघ वद्य तृतीया, शके १७८८

प्रिय चंद्रभान,

अकोल्याला तुझं बस्तान बसलं, लाकडाच्या ठेकेदारानं तुला कारभारी केलं, हे वाचून बरं वाटलं. कापसाच्या गठाणी आगगाडीनं एका दिवसात कुठल्या कुठे जातात, असं लिहितोस. इथे अजून बैलगाड्यांचीच रांग आहे. फक्त त्यांत आता कापसापेक्षा सागवान जास्त, तुमच्या रुळांखाली घालायला.

परवा बेलदऱ्यात जाऊन आलो. तीन पावसाळ्यांपूर्वी आपण तिथली झाडं मोजली होती, जाड झाडाला डाव्या झोळीत चिंचोका, कोवळ्याला उजवीत. तोडीनंतर जंगल पुन्हा उभं राहील का आणि किती तोडावं, एवढंच आपल्या जंगलखात्याच्या साहेबाला ठरवायचं होतं. जुन्या तोडीच्या बुडांना पुरुषभर उंच कोंब फुटले होते, पानं सुपाएवढी. एका बुडाला सात कोंब दिसले की आपण सात चिंचोके टाकायचो. वाटाड्या सोमा कोरकूला राहवेना. तो म्हणाला, "एका बुडाले सात कोंब येते भाऊ, पन झाड एकच होते. तुमी साती मोजून राहिले." त्यावर तू म्हणालास, "तू तुह्या बकऱ्या मोज, झाडं आमी पाहतो." मी हसलो. पाय चिखलात, अंगात हिवताप, घरी जायची घाई. उजवी झोळी भरली ती अशी. मग आपण दोघांनी सही करून लिहिलं, एक तोडलं तर सात उगवतात, दरा निर्धास्त तोडावा.

आता तिथे नुसती बुडं आहेत. बरेच कोंब वणव्यात गेले, उरलेले एकमेकांना दाबून बोटाएवढेच राहिले. शंभर बुडं मी हातानं चाचपली. पुढे झाड होईल असा कोंब त्यांतल्या अकरा बुडांवरच होता. नाला पौषातच आटला. सोमाची वाडी उठून गेली. तो आणि त्याची म्हातारी तेवढी मागे आहेत. वाटलं, शिव्या देईल. त्यानं दोन कोसांवरून आणलेलं पाणी पुढे केलं. "पुरवून प्या, जानरावजी. बुढी आता उद्याच जाईन पान्याले." मी घोटभर घेतलं आणि भांडं परत केलं.

साहेबानं आता पलीकडच्या दऱ्याची मोजणी मागवलीय असं मी कळवलं, तेव्हा "तोच आकडा लिहून दे लेका, परत काहून हिंडतं?" असं तू लिहिलंस. चंद्रभान, मी हिंडलो. आणि काल साहेबाला लेखी दिलं की आपली पहिली मोजणी चुकीची होती, कोरकूनं सांगूनही आपण ऐकलं नाही. सह्या दोघांच्या होत्या, म्हणून नावंही दोघांची लिहिली. पलीकडची तोड यंदापुरती थांबली. माझी नोकरी गेली. तुझ्या ठेकेदाराला चार दिवसांत तोड थांबल्याचा कागद पोचेल, त्यात तुझं नाव आहे, आणि तो तुला ठेवणार नाही. हे परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून आजच्याच टपालानं लिहितो आहे. आधी तुला विचारायला हवं होतं, हे खरं. पण विचारलं असतं तर तू काहीतरी बोलून मला हसवलं असतंस, आणि मी पुन्हा सही केली असती.

अजूनही म्हणू दिलंस तर, तुझाच,
जानराव