अध्यक्ष विरुद्ध फ्लॅट नंबर एक

६ एप्रिल, सकाळी ७
आजपासून पूरनियंत्रण सुरू. पावसाला दोन महिने आहेत, म्हणजे वेळच वेळ. विक्रीकर खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला कोथरूडातल्या एका सोसायटीचं पाणी अडवता येऊ नये? मी दीपमाला सोसायटीचा चेअरमन आहे. राहतो तळमजल्यावर, फ्लॅट नंबर एकमध्ये. म्हणजे प्रश्नाच्या मुळाशीच.

गेल्या सप्टेंबरात हॉलमध्ये घोटाभर पाणी आलं. ललिताच्या वडिलांचं, बाबुरावांचं, सागवानी कपाट खालून फुगलं. बाबुराव खडकीच्या कारखान्यात होते, पहिल्या बोनसमधून त्यांनी ते करून घेतलं होतं. त्याचं दार अजून नीट लागत नाही. खराट्याने पाणी लोटता लोटता ललिताने सांगितलं की पुन्हा घरात पाणी आलं तर ती कपाट घेऊन बाणेरला प्रज्ञेशकडे जाणार. आमचे चिरंजीव अकराव्या मजल्यावर राहतात. तुम्हाला यायचं तर या, म्हणाली. ओरडली असती तर मी घाबरलो नसतो.

मी शब्द दिलाय. यंदा थेंबही येणार नाही. शिवाय आजपासून गोड बंद.

८ एप्रिल
नियम वाचले. म्हणजे मोबाईलवर, झोपाळ्यावर बसून. बिल्डिंगच्या बाजूच्या मोकळ्या जागेत मी आठ वर्षांपूर्वी ओटा बांधून त्यावर हा झोपाळा टाकला. तिथे सिमेंटचं एक चौकोनी झाकण होतं, फार विद्रूप दिसायचं. आता वर विटकरी टाईल्स आहेत. इथे बसलं की डोकं चालतं.

आणि चाललं! घराचं जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर हवं, असा नियमच आहे. लेव्हलच्या ॲपने मोजलं. रस्ता आमच्या उंबऱ्यापेक्षा वर! डांबराचे थरावर थर, जुना उकरायचं नाव नाही. गुन्हेगार सापडला. ललिताने विचारलं, त्या झाकणाखालून पूर्वी पावसाचं पाणी जायचं ना? तिला सांगितलं, सध्या विषय रस्त्याचा चालू आहे.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी पुतळ्याला अभिवादन करून आलो. प्रज्ञेश आणि सूनबाई चैताली जेवायला. जेवणानंतर प्रज्ञेशने कपाटाची मापं घेतली. टेप घरून आणली होती. माझा मुलगा असून असा अविश्वास.
श्रीखंड दोन वाट्या. गोड उद्यापासून बंद.

२२ एप्रिल
महापालिकेच्या कार्यालयात अर्ज दिला. ‘सदर रस्ता नियमानुसार खाली घेण्यात यावा.’ कनिष्ठ अभियंता म्हणून उत्कर्षा नावाची मुलगी आहे. तिने अर्ज दोनदा वाचला. काका, रस्ता खाली? असं विचारलं. मी सांगितलं, काका नाही, चेअरमन. येऊन बघते म्हणाली. सरकारी माणसाची भाषा शेवटी सरकारी माणसालाच कळते.

३० एप्रिल
पाहणी झाली. बाईंनी रस्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साईड मार्जिनमधलं, म्हणजे बाजूच्या मोकळ्या जागेतलं, पावसाळी चेंबर कुठाय, असं विचारत बिल्डिंगभोवती फिरल्या. मी त्यांना झोपाळ्यावर बसवून कोकम सरबत दिलं. सरबत संपल्यावर त्यांनी टाचेने ओट्यावर ठोकलं. पोकळ वाजलं. टाईल्स छान बसवल्यात काका, म्हणाल्या. कामाची कदर आहे.
दुसऱ्या मजल्यावरचे दिगंबर बाल्कनीतून सगळं बघत होते. माझं चेअरमनपद त्यांच्या डोळ्यांत खुपतं.

९ मे
नोटीस आली. मला! पावसाळी चेंबरवरचं अनधिकृत बांधकाम पंधरा दिवसांत काढावे. रस्त्याबद्दल अवाक्षर नाही. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी.

रात्री शांतपणे पुन्हा वाचली. नोटीस ‘अध्यक्ष, दीपमाला सोसायटी’ यांना आहे. ओटा फ्लॅट नंबर एकच्या मालकाचा आहे. म्हणजे अध्यक्षांनी ती फक्त संबंधित सभासदाकडे पाठवायची! लेटरहेडवर कडक पत्र लिहिलं, शिक्का मारला आणि जिन्याजवळच्या आमच्याच पत्रपेटीत टाकलं.

१० मे
अध्यक्षांचं पत्र मिळालं. भाषा जरा उद्धट वाटली. सभासद या नात्याने खुलासा पाठवला की झोपाळा गुडघ्यांच्या व्यायामासाठी आहे, सबब एक महिन्याची मुदत मिळावी. (डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. पण झोकाही पायानेच द्यावा लागतो.)

१२ मे, बुद्धपौर्णिमा
अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून मुदतवाढ मंजूर केली. मंगल दिवस आहे, कुणाला दुखवू नये.
ललिताने टेबलावरचे कागद वाचले. तुम्ही तुम्हालाच मुदत दिलीत का, असं विचारलं. मी सांगितलं, दोन्ही बाजू तपासूनच दिली. तिने खीर केली होती, मला वाढली नाही. गोड बंदच आहे, त्यामुळे फरक पडला नाही. तिची पाठ वळल्यावर पातेल्यातून एक डाव घेतली.

१६ मे
नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वानुसार सभासदाला सुनावणी दिली. ठिकाण: झोपाळा. सभासदाने बाजू चांगली मांडली, मलाही काही मुद्दे नवे होते. दिगंबरांनी वरून विचारलं, आरोपी हजर आहे का? दुर्लक्ष केलं. निर्णय राखून ठेवला.

१८ मे
कागदोपत्री आघाडी भक्कम. आता प्रत्यक्ष काम. विक्रम म्हणून कॉन्ट्रॅक्टर बोलावला. नऱ्ह्याचा आहे. घरची जमीन बिल्डरला दिली आणि स्वतः मिक्सर घेतला. त्याला कल्पना सांगितली: थेट दारात, उंबऱ्यावर, दीड फुटाची सिमेंटची भिंत. पाणी येईल कुठून? तो म्हणाला, “सायेब, मुंगी बी शिरायची न्हाई. आपली गॅरंटी हाय.” असा आत्मविश्वास मी खात्यात कुणात पाहिला नाही. एक मी सोडून.

२० मे
भिंत तयार. दूधवाला पिशवी पलीकडूनच फेकतो. गॅसवाला सिलिंडर बाहेर ठेवून गेला. दिगंबर थांबले, वाकून आत पाहिलं आणि तिकीट किती आहे असं विचारलं. ललिता साडी सावरत भिंत ओलांडते आणि दर वेळी काहीतरी पुटपुटते. ऐकू येत नाही, म्हणजे तक्रार नाही.

२१ मे, संध्याकाळी ६
पाऊस! मे महिन्यात! पूर्णपणे नियमबाह्य. तासभर धो धो. अंगणात वीतभर पाणी, घरात खडखडीत कोरडं.

मी भिंतीवर हात ठेवून उभा होतो. ललिता चहा घेऊन आली. न मागता, आलं घालून. म्हणाली, बाबांचं कपाट वाचलं ना, तर तुमचा तो ओटा मी विसरून जाईन. मग तीही माझ्या शेजारी उभी राहिली. मला फार बरं वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

२६ मे, दुपारी ४
पहाटेपासून थांबलेला नाही. अंगणात गुडघाभर पाणी. भिंतीला टेकलंय, आत यायची हिंमत नाही. मी दारात स्टूल टाकून पाण्याकडे तोंड करून बसलोय. छत्री, शिट्टी आणि ही रोजनिशी. दिगंबर बाल्कनीत आले तेव्हा त्यांना दोन बोटांनी विजयाची खूण केली. त्यांनी उलट माझ्या मागे बोट दाखवलं. जळतो माणूस.

४.२०
पाय ओले झाले. पाणी मागून आलंय. बाथरूमच्या जाळीतून, संडासातून, सगळीकडून. अंगणातलं पाणी कुठे जाईना म्हणून ड्रेनेजच्या चेंबरात शिरलं, आणि तिथून आमच्याकडे. वासाबद्दल लिहीत नाही.

५.००
भिंत अप्रतिम आहे. एक थेंब बाहेर जाऊ देत नाही. घराचा हौद झालाय. विक्रमला फोन केला. तो म्हणाला, “सायेब, गॅरंटी भायेरच्या पाण्याची हुती.” शब्दाचा पक्का आहे.

रात्री
मी आणि ललिताने कपाट उचलायचा प्रयत्न केला. हललं नाही. मग दिगंबर आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नीरजाताई खाली आल्या. चौघांनी मिळून ते विटांवर चढवलं, पण तोवर खालचा कप्पा गेला होता. दिगंबर आज एक शब्दही वाकडा बोलले नाहीत, ते जास्त लागलं. ललिता रडली नाही. पदराने कपाटाचं दार पुसत राहिली. पुसून झालेलं तेच तेच पुसत होती. मला तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलायचं होतं. मी बादली घेऊन बाथरूमकडे गेलो.

२८ मे
टेम्पो आला. कपाट भिंतीवरून काढताना चार माणसं घामाघूम. मी सूचना देत होतो, कुणी ऐकत नव्हतं. ललिता पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. साखर, चहा, डाळी कुठल्या डब्यात ते तिने सांगितलं. मी म्हटलं, सोसायटी अशी वाऱ्यावर सोडून मला येता येणार नाही. ती म्हणाली, माहीत आहे.
चहाचा डबा कुठला ते विसरलो. तिसऱ्या डब्यात हिंग होता.

३१ मे
राखून ठेवलेला निर्णय जाहीर केला: सभासदाने ओटा काढावा. अध्यक्षाने भावनेच्या आहारी जाऊन चालत नाही.
सभासद नाराज आहे. अपिलात जायचं म्हणतोय. अपील कुणाकडे करायचं, नियमावलीत बघावं लागेल.

२ जून
उत्कर्षाबाई चार माणसं आणि ब्रेकर घेऊन आल्या. अर्ध्या तासात ओटा गेला. झाकण उघडलं. आतून गाळ, नारळाच्या करवंट्या आणि कुणाची तरी एक चप्पल निघाली. मग अंगणात तुंबलेलं सगळं पाणी गुडगुड करत तिकडे निघालं आणि बघता बघता नाहीसं झालं. वरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: ‘अध्यक्षांच्या सततच्या पाठपुराव्याला यश.’ नीरजाताईंनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. बाकी कुणी काही नाही. नम्र लोक आहेत.

५ जून
रात्रभर मुसळधार. सकाळी अंगण धुतल्यासारखं, घर कोरडं. ललिताला लगेच फोन लावला. म्हटलं, थेंब नाही, शब्द पाळला. ती म्हणाली, बरं झालं. मागे चैताली कशाला तरी हसत होती. कुकरची शिट्टी झाली. मग बोलते म्हणाली.
संध्याकाळपर्यंत बोलली नाही. कामात असेल. घर मात्र खायला उठतं. एवढ्या कोरड्या घरात एकट्याने करायचं काय?

७ जून, बाणेर
ललिताला परत न्यायला आलो. समोरासमोर सांगितलं की ती लगेच निघेल, याबद्दल शंका नाही. तरी कपड्यांचे दोन जोड पिशवीत टाकले, पावसाचा भरवसा नाही.

गेटवर वॉचमनने अडवलं. कौनसी कंपनी, विचारलं. पिशवीमुळे पार्सलवाला समजला असावा. मी चेअरमन असल्याचं सांगितलं. कौनसे टॉवर के, विचारलं. मग मी प्रज्ञेशचा फ्लॅट नंबर दिला. त्याने मोबाईलवर माझा फोटो काढला, नाव घातलं आणि वरून मंजुरी येईपर्यंत बाजूला उभं राहायला सांगितलं. माझी छत्री टेम्पोत कपाटाबरोबर गेलेली. भिजत उभा राहिलो. वाद घातला नाही, नियम आहे. प्रज्ञेश आणि चैताली बाहेर गेलेत म्हणे, त्यामुळे विचारणा ललिताच्या फोनवर गेली.

थोड्या वेळाने मंजुरी आली. वॉचमन चांगला माणूस होता, त्याने मला स्क्रीन दाखवली. पाहुण्याला किती वेळ राहू द्यायचं ते घरच्या माणसाने ठरवायचं असतं. तीन चौकोन होते: एक तास, एक दिवस, कायम.

ललिताने एक दिवस दाबलं होतं.